सोफ्यात सापडेल ते गिऱ्हाइकाचं

७ मे

उशिरा लिहायला घेतलं याबद्दल माफी मागून सुरुवात करतो. लेकीने ही दैनंदिनी जानेवारीत दिली आणि रोज चार ओळी लिहायचं कबूल करून घेतलं. चार महिन्यांची पानं कोरी गेली. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने दिवसभर सोफ्यांवर कापड चढवावं आणि वर घरी येऊन साहित्य लिहावं, हे फक्त लेकींनाच सुचतं. आता लिहितोय ते कुणाला सांगता येत नाही म्हणून. वही कुलुपाच्या खणात राहील.

काल दुकानात मला सुई टोचली. आमची नव्हे. आमच्या दाभणाने पन्नास वर्षांत हजार वेळा टोचलं असेल. बोट तोंडात घालायचं, चोखायचं, पुढचा टाका घालायचा. ही सुई इंजेक्शनची होती.

सोफा तीन तरुणांचा. तिघे मिळून एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात. एकाला दाढी आहे आणि तो गिटार वाजवतो, बाकीचे दोघे काय करतात ते त्यांनाही माहीत नसावं. सोफा नऊ दिवस दुकानात पडून होता, कारण कापडाचा रंग ठरत नव्हता. तीन पुरुष नऊ दिवस एका रंगावर विचार करतात. धाकट्या भावाचं मात्र त्यात साधलं, त्याला दुपारी आडवं व्हायला जागा झाली. परवा मी वखारीतून लवकर परत आलो तर हा सोफ्यावरून धडपडत उठला. शर्ट पँटीबाहेर, चेहरा चोरासारखा. एकसष्ट वर्षांचा माणूस झोपताना सापडला म्हणून लाजतो.

माझी पद्धत अशी आहे. जुनं कापड फाडण्याआधी बैठक आणि पाठ यांच्यामधल्या फटीत कोपरापर्यंत हात घालायचा. निघेल ते एका डब्यात ठेवायचं, डब्यावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी लावायची आणि काम झालं की डबा परत द्यायचा. सोफ्यात सापडेल ते गिऱ्हाइकाचं, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. माणूस कसा आहे हे मला त्याच्या शेजाऱ्यांच्या आधी कळतं ते यामुळेच. एका मुख्याध्यापकांच्या आरामखुर्चीत चार एक्के निघाले होते, चारही एकाच रंगाचे.

काल हात घातला आणि टोचलं. बाहेर काढून पाहिलं तर बोटभर लांबीची प्लास्टिकची नळी, टोकाला केसाएवढी सुई, टोपण नाही. रक्ताचा थेंब आला. सवयीने बोट तोंडात गेलं. चोखून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

धाकट्याने ती सुई पाहिली आणि पांढराफटक पडला. माझ्याआधी त्यानेच ती कागदात गुंडाळली, टाकून येतो म्हणाला आणि अर्ध्या तासाने परत आला. सुई मला टोचली, घाम त्याला. असा हा आमचा आधारस्तंभ.

९ मे

दुकानाशेजारी मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. त्याला मी म्हटलं की एका ओळखीच्या माणसाला रस्त्यात सुई टोचली आहे, त्याने काय करावं. त्याने मोबाइलवर वाचून दाखवलं की अशा वेळी एड्सचा विषाणू अंगात रुजू नये म्हणून गोळ्या असतात, पण त्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ओळखीच्या माणसाला सांगा काका, लवकर जा म्हणावं.

तेव्हा सत्तर तास झाले होते. मी तडक मोठ्या इस्पितळात गेलो. पायरीवर माझे व्याही, लेकीचे सासरे, गुडघा धरून बसलेले. विचारलं, तुम्ही इकडे कुठे. मी म्हटलं, इथल्या बाकांवर नवीन रेक्झिन चढवायचं आहे, माप घ्यायला आलोय. खिशात टेप असतोच. चार बाक मोजले. व्याह्यांनी एक टोक धरलं. पाचवा बाक मोजेपर्यंत बहात्तर तास उलटून गेले.

लाज हा प्रकार कुणी शोधला असेल, त्याला एकदा भेटायचं आहे.

१२ मे

शेवटी आमच्या डॉक्टरकडे गेलो. सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, आजोबा, पहिल्याच दिवशी का नाही आलात. हे विचारायला शिक्षण कशाला लागतं, ते मी स्वतःलाच विचारत होतो. गोळ्यांची वेळ गेली म्हणाला. पण अशा पडून राहिलेल्या सुईतून तो रोग लागण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी असते, असंही म्हणाला. कमी म्हणजे किती, तर नगण्य. मग नगण्यातला तो एक माणूस कोण असतो, असं विचारल्यावर त्याने चष्मा पुसायला घेतला.

सुई कशी होती, हे त्याने विचारलं. वर्णन केलं तर म्हणाला की ही साखरेच्या आजाराची वाटते, लोक घरच्या घरी पोटात घेतात तसली. मी मनात हसलो. पंचविशीतल्या गिटारवाल्यांना कसली साखर. सुई दाखवता आली असती तर बरं झालं असतं म्हणाला. दुकानात येऊन धाकट्याला विचारलं, कुठे टाकलीस. तो म्हणाला, आठवत नाही. याला दहा वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या उशीचं माप आठवतं.

१३ मे

तपासणी केंद्रात गेलो. रक्त घेण्याआधी एक समजावणारी बाई असते. माझ्या लेकीपेक्षा लहान. तिने मला कागदावर रेघ काढून दाखवली. आजचं रक्त फक्त सुई टोचण्याआधीचं सांगणार, कारण रोग लागला असला तरी रक्तात दिसायला वेळ लागतो. मग सहा आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिने झाल्यावर शेवटचं. म्हणजे सहा ऑगस्टला निकाल पक्का. तोपर्यंत मी काय करू, असं विचारलं. ती म्हणाली, नेहमीसारखं जगा. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, जवळ बसल्याने काही होत नाही, फक्त दाढीचं पातं वेगळं ठेवा, आणि नवरा-बायकोच्या बाबतीत तीन महिने जपा.

अडुसष्टाव्या वर्षी मला हे ऐकवणारी बाई भेटली. मी खाली बघून मान हलवली.

आजच्या रक्तात काही नाही. म्हणजे सहा मेपर्यंत मी सज्जन होतो. हे मला फुकटात माहीत होतं.

१९ मे

हातावर पुरळ आहे. घसा दुखतोय. काल अंग गरम वाटलं. मोबाइलवाल्याला विचारलं तर म्हणाला की दोन ते चार आठवड्यांत ताप, पुरळ, घसा, हीच लक्षणं. तीनही आहेत. बायको, म्हणजे आमची ही, तीसुद्धा खाज सुटली म्हणून हात खाजवत बसली होती, आणि धाकट्यालाही शिंका येत होत्या. काल आम्ही तिघांनी जुन्या गाद्यांमधला काथ्या झोडपला होता, पण त्याने असं कधी झालेलं आठवत नाही. म्हणजे दरवर्षी होतं, पण एवढं नाही.

२३ मे

पुरळ गेलं. मोबाइलवाला म्हणतो, ती लक्षणं आपोआप जातातच, जाणं हेही लक्षणच. या माणसाच्या तोंडात मोबाइल कोंबावा असं वाटतं.

२८ मे

आज एक मूर्खपणा केला, तो लिहून ठेवतो. दूरच्या वस्तीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही. तिथल्या माणसाने विचारलं, संपर्क होऊन किती दिवस झाले. मी छाती पुढे काढून सांगितलं, तीन महिने पूर्ण. संध्याकाळी कागद मिळाला, काही सापडलं नाही. खाली लिहिलं होतं की तीन महिन्यांनंतरची तपासणी असल्यामुळे निकाल अंतिम मानावा.

घरी येईपर्यंत मी खूश होतो. चक्क शीळ घातली. दाराशी पोचल्यावर लक्षात आलं की ते वाक्य मीच त्याला सांगितलं होतं. माझंच खोटं शिक्का मारून मला परत मिळालं. सातवीत शाळा सुटलेला माणूस यापेक्षा मोठं काय करणार.

४ जून

घरात मी माझा पेला, ताट आणि टॉवेल वेगळा केला आहे. बाईने सांगितलं की गरज नाही, पण बाईला काय, तिचं घर वेगळं. हिला वाटतं मी रागावलोय. चार दिवस तिने वाट पाहिली, पाचव्या दिवशी म्हणाली की संन्यास घ्यायचा असेल तर पेला कशाला ठेवताय, ओंजळीने प्या.

दुकानात कामाला हात लागत नाही. तो सोफा कोपऱ्यात ताडपत्रीखाली टाकला आहे. धाकटा म्हणाला, मी करतो तो. मी म्हटलं, हात लावायचा नाही त्या घाणीला. मग माझा तोल सुटला आणि मी बोलत राहिलो. आमच्याकडे सोफ्यांचे सांगाडे करणाऱ्या सुताराची आठवण काढली. तो दोन वर्षांपूर्वी जेवणाआधी सदरा वर करून पोटात सुई मारून घ्यायचा. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं की सुईच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला मी माझ्या दुकानात उभा करणार नाही, अशा माणसाच्या हातातली कात्री कधी घसरेल याचा भरवसा नाही. तो काम सोडून गेला ते बरंच झालं. सुई औषधाची असो की नशेची, टोचून घेणारे सगळे एकाच माळेचे मणी.

धाकटा मशीनवर शिवत होता. मशीन थांबलं. त्याने दोरा तोडला. मग उठून माझ्याजवळ आला.

"दादा, तुला काही होणार नाही. मी खात्रीने सांगतो."

"तू कोण खात्री देणारा? डॉक्टर द्यायला तयार नाही."

"मला माहीत आहे म्हणून सांगतो."

मी म्हटलं, तुला साधा चहा धड घेता येत नाही. हल्ली त्याला चहात साखर चालत नाही. वजन उतरलंय, तर फॅशन सुचतेय. तो काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक गेल्यावर बोलला नाही.

१८ जून

सहा आठवडे झाले. काही नाही. समजावणारी बाई हसून म्हणाली की हे फार चांगलं लक्षण आहे, पण तीन महिन्यांचं बाकी आहे. मी विचारलं, चांगलं म्हणजे किती चांगलं. ती म्हणाली, काका, मी तुमच्या जागी असते तर झोपले असते. माझ्या जागी ती असती तर तिच्या जागी कोण असतं, हा प्रश्न मी तिला विचारला नाही.

धाकटा बरोबर आला होता. आत येऊ नको म्हटलं तरी बाहेर बाकावर बसून राहिला. निकाल सांगितला तर त्याने तोंड फिरवलं आणि रुमालाने डोळे पुसले. एवढं रडण्यासारखं काय होतं.

२२ जून

दाढीवाला सोफा विचारायला आला. दीड महिना झाला काका, म्हणाला, आम्ही जमिनीवर बसतोय. मी ताडपत्री ओढली आणि मनात होतं नव्हतं ते सगळं त्याला ऐकवलं. सुई, बोट, तारखा, सगळं. तुमच्यासारख्यांच्या घरात पाय ठेवायला लोकांनी घाबरावं, असं म्हणालो. रस्त्यावरचे दोन जण थांबून ऐकत होते.

त्याने उलट उत्तर दिलं नाही. खाली बसून त्याने बोट बघायला मागितलं. तिथे आता काहीच दिसत नाही. मग म्हणाला की आमच्यापैकी कुणी सुई घेत नाही, पण तुमच्या मनाला शांतता मिळणार असेल तर आम्ही तिघे जाऊन तपासून घेतो. असल्या गोड बोलण्याला मी भुलत नाही.

धाकटा मागच्या खोलीत होता. तो बाहेरच आला नाही. भाऊ शिव्या देतोय आणि हा आत कापड मोजतोय.

२९ जून

तिघांचे कागद आले. दाढीवाल्याने ते माझ्या हातात दिले नाहीत, टेबलावर ठेवले, अदबीने. तिघांच्याही रक्तात काही नाही. मी म्हटलं, कागद कुणाचेही आणता येतात. आणि पाहुणे किती येत असतील तुमच्याकडे. तो कागद तिथेच ठेवून निघून गेला.

मग मी मोठ्याने म्हटलं, त्यांची नाही तर सुई आली कुठून, आभाळातून पडली का. धाकट्याच्या हातातली कात्री खाली पडली. बघा, मी काय म्हणत होतो.

५ जुलै

धाकटा गेला. मुलाकडे राहायला जातो, म्हणाला, दुसऱ्या गावी. बायको गेल्यापासून नऊ वर्षं तो आमच्याकडे होता. कारण विचारलं तर म्हणाला, आता हात पूर्वीसारखा चालत नाही. मी म्हटलं, माझा बघ, मरणाच्या दारात चालतोय. तो माझ्या पाया पडला, सणवार नसताना. हिने त्याला डबा बांधून दिला आणि बराच वेळ दारात त्याच्याशी काहीतरी बोलत होती. वेळच्या वेळी खा, एवढं ऐकू आलं.

सोफ्याच्या बैठकीखालचा पट्टा ताणून धरायला दुसरा माणूस लागतो. ही साधी गोष्ट त्याला कळू नये. भित्रा लेकाचा. भाऊ आजारी पडेल म्हणून पळाला.

१९ जुलै

हिला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिने माझा पेला कपाटावर ठेवून दिला आणि आज तुम्हाला पाणी नाही म्हणाली. मग सगळं सांगितलं, सुईपासून बाकांच्या मापापर्यंत. ती ऐकत राहिली. मग कपाटावरचा पेला काढला, पाणी भरलं, मला अर्धं प्यायला लावलं आणि उरलेलं स्वतः प्यायली.

"अडीच महिने हे एकट्याने पोटात ठेवलंत," ती म्हणाली, "आणि तुमच्या घराण्यात हा एकच रोग आहे."

कुठला, असं विचारलं तर म्हणाली, न सांगण्याचा. बायकांना कोड्यात बोलायची खोड असते.

७ ऑगस्ट

तीन महिने झाले. काही नाही. आता अंतिम. समजावणारी बाई उभी राहून म्हणाली, काका, झालं. मी तिला विचारलं, नक्की ना, तारीख मी खरी सांगितली आहे. तिला अर्थातच कळलं नाही.

दुकानात आलो. सांगायला कोणी नव्हतं. मोबाइलवाल्याला सांगितलं की ओळखीचा माणूस वाचला. तो म्हणाला, मला माहीत होतं ते तुम्हीच आहात. एका दुकानाच्या अंतरावर तीन महिने हा माणूस गप्प होता आणि मी त्याला मूर्ख समजत होतो.

९ ऑगस्ट

धाकट्याची मशीनसमोरची खुर्ची पार बसली आहे. आल्यावर त्याच्याकडून ऐकून घ्यायला नको, म्हणून आज ती उघडायला घेतली. तो येणार नाही हे माहीत आहे, तरी घेतली. आता मी चामड्याचा हातमोजा घालतो. फटीत हात घातला. बटण निघालं, खडूचा तुकडा निघाला, मग तीन टोपणं. नारिंगी, प्लास्टिकची, करंगळीच्या पेराएवढी. त्यांच्यासोबत एक घडी घातलेला कागद, त्याच्यावर त्याचं नाव आणि रक्तातल्या साखरेचे आकडे. तारीख मागच्या वर्षीची.

मी खुर्चीपुढे जमिनीवर बसून राहिलो. टोपण नसलेली सुई. वखारीतून मी लवकर आलो तो दिवस. शर्ट पँटीबाहेर. सोफा आमच्या दुकानात नऊ दिवस होता, हे मीच या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे. वाचता येणाऱ्या कुणाही माणसाला ते कळलं असतं. मला फक्त लिहिता येतं.

घरी येऊन हिच्यासमोर टोपणं ठेवली. तिने बघितलंही नाही. वर्षभर बिनसाखरेचा चहा कोण करत होतं, असं उलट मलाच विचारलं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, त्याने शपथ घातली होती, सुताराचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. आणि ती सुई त्याची होती हे मला तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं, त्यानंतर मात्र एकही रात्र झोप लागली नाही.

पत्र लिहायला हवं. आधी इथे लिहून बघतो, मग चांगल्या कागदावर उतरवीन.

धाकट्यास,

माझं रक्त स्वच्छ निघालं, हे तुला मे महिन्यापासून माहीत आहे. मला ते परवा कळलं. तीन महिने मी रोज मरत होतो आणि तू समोर बसून शिवत होतास. हे मी विसरेन असं समजू नकोस. पण त्याच तीन महिन्यांत मी काय काय बोललो तेही मला आठवतं, आणि सुताराला बोललो तेही. माझ्यापुढे खरं बोलायला माणसाला हिंमत लागते, आणि तुझ्यात ती लहानपणापासून नाही. त्यातली निम्मी मीच काढून घेतली असेल.

खुर्ची नवीन करतोय. स्प्रिंग बदलल्या आहेत. उजवीकडे एक खिसा शिवला आहे, झाकणाचा, तुझ्या सुया ठेवायला. दुपारी सगळ्यांसमोर घे. कोणी काही बोललं तर मी आहे. बोलणारा मीच असेन, तर ही आहे.

दाढीवाल्याकडे उद्या जाणार आहे, सोफा घेऊन. रंग त्यांनी शेवटी निळा ठरवला होता, ते कापड काल चढवलं. त्याला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू असतास तर तुला पाठवलं असतं.

तुझी तीन टोपणं डब्यात ठेवली आहेत, डब्यावर तुझ्या नावाची चिठ्ठी लावली आहे. सापडेल ते ज्याचं त्याला परत द्यायचं, हा वडिलांचा नियम, आणि मी ती दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. येऊन घेऊन जा. पट्टा एकट्याने ताणला जात नाही.

साखर किती आहे आणि कधी निघतोस, एवढं तरी दोन ओळींत कळव. पत्र मिळेल त्याच दिवशी कळव. दोन तास उरले असताना मी बाक मोजत बसलो होतो, तसं करू नकोस.